लग्नाला चालत आलेला आकाराम

पेठ वडगावच्या बाजारात पिठाच्या गिरणीशेजारून एक अरुंद जिना वर जातो. वर नईमचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन मोठे स्क्रीन, एक दणकट कॉम्प्युटर आणि खाली गिरणी सुरू झाली की टेबलावर आपोआप चालायला लागणारा चहाचा कप. ऐन पस्तिशीत नईमचे केस पांढरे दिसतात ते वयानं की पिठानं, यावर बाजारात दोन मतं आहेत.

त्याचा बाप रफिक पेंटर. एके काळी वडगावातली निम्मी दुकानं त्याच्या अक्षरांनी बोलायची. बोर्ड रंगवून झाला की तो रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि पोराला म्हणायचा, "अक्षर चिकटवल्यागत दिसलं की काम वाया गेलं. भिंतीतनं उगवल्यागत दिसलं पायजे." पुढं फ्लेक्स आले आणि ब्रशवर पोट भरेना. नईम फोटोशॉप शिकला, पुण्यात सिरियलवाल्यांच्या एका कंपनीत राहून व्हिडिओतली करामत शिकला, आणि तिथली हवा मानवेना म्हणून परत येऊन गिरणीवर बसला. बापाचे रंग गेले, पण ती उगवल्यागतची खोड पोरात उतरली. तीच त्याला नडली.

गावाला त्याचं काम नीट कळत नाही. गावाच्या लेखी तो 'शूटिंगवाला'. वास्तविक नईम कॅमेरा फारसा उचलत नाही. इतरांनी काढलेल्या लग्नांवर तो नंतर हात फिरवतो. त्याचा हातखंडा ट्रॅकिंगचा. म्हणजे असं, की चालत्या चित्रातला एखादा ठिपका पकडायचा, नवरदेवाच्या फेट्याचं टोक म्हणा, आणि कॉम्प्युटरला सांगायचं, याच्यावर नजर ठेव. तो ठिपका पुढच्या चित्रात कुठं सरकला, त्याच्या पुढच्यात कुठं, हे कॉम्प्युटर टिपत जातो. एकदा ती हालचाल हातात आली की तिच्यावर काय पाहिजे ते बसवा. बसवलेली वस्तू त्या माणसाबरोबर हलते, वळते, लांब गेली की लहान होते, आणि बघणाऱ्याला वाटतं की ती पहिल्यापासून तिथंच होती. या विद्येच्या जोरावर नईमनं कितीतरी घरांची अब्रू राखली आहे. वरातीच्या मागं आलेली दारूच्या दुकानाची पाटी त्यानं फुलवाल्याची केली. एका जावईबापूंच्या हातातल्या बाटलीचं त्यानं शहाळं केलं, आणि जावईबापू वरातभर शहाळं घेऊन झुलत राहिले.

पण सगळ्यात जास्त मागणी मेलेल्यांना. गेलेल्या माणसाला लग्नाच्या व्हिडिओत आणायची रीत आपल्याकडं आता घरोघरी झाली आहे. अक्षता पडल्या की पडदा निळा होतो, पांढरे ढग येतात, ढगातून हार घातलेला फोटो वर येतो, मागं गोल उजेड, वरून पाकळ्या, आणि फोटोखालून आशीर्वादाचा एक हात बाहेर येतो. तो हात कुठल्या तरी कॅलेंडरावरच्या देवाचा असतो आणि सगळ्या मेलेल्यांना तोच वापरतात. बायका तेवढ्यापुरत्या पदर डोळ्याला लावतात, पोरं मोबाइल बघतात, आणि व्हिडिओ पुढं सरकतो. नईमला या ढगांचा मनापासून तिटकारा होता. ढगाची ऑर्डर आली की तो सबिनाला, म्हणजे बायकोला म्हणायचा, "आलं बघ चिकटवायचं काम."

अशात कोडोलीहून विजयसिंह आले. मिशा झुपकेदार, आवाज फडातल्या मुकादमासारखा. त्यांच्या थोरल्या भावाची पोरगी संयोगिता, तिचं लग्न वडगावातल्याच हॉलमध्ये ठरलं होतं. थोरला भाऊ आकाराम करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला. कोल्हापुरातल्या दवाखान्यात नेला तो परत आलाच नाही, तिकडंच अग्नी दिला, घरी आलं ते राखेचं गाडगं.

"नईमभाई, आमच्या थोरल्याला ढगात दाखवा," विजयसिंह म्हणाले. "चांगला हारबीर घालून. पोरीला बापाचा आशीर्वाद मिळाल्यागत वाटंल."

"दादा, ढग कशाला?" नईम म्हणाला. "मी त्यास्नी चालत आणतो की."

"चालत? म्हंजे?"

मग नईमनं त्यांना सगळं समजावलं. दोघा भावांची अंगलट एक, उंची एक. शूटिंगमध्ये चालायचं विजयसिंहांनी, तोंड बसवायचं आकारामचं. विजयसिंह बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. "लोक काय म्हणतील?" "लोक रडतील, दादा." यावर त्यांनी मान डोलावली. आता खरं सांगायचं तर नईमच्या डोक्यात ना पोरगी होती, ना तिचा बाप. त्याला फक्त एवढंच पाहिजे होतं, की एकदा तरी मेलेला माणूस चिकटवल्यागत दिसता कामा नये.

लग्नाच्या दिवशी जेवणावळी उठल्यावर हॉल रिकामा झाला आणि हा खेळ मांडला. आकारामची बायको आक्काताई हिनं ट्रंकेतून नवऱ्याचा पांढरा शर्ट आणि करडं जाकीट आणलं होतं. ते विजयसिंहांना अंगासरसं बसलं. मग नईमनं त्यांच्या कपाळावर, नाकावर, गालांवर आणि हनुवटीवर हिरव्या टिकल्या लावल्या. ट्रॅकिंगला ठिपके लागतात, आणि बाजारात टिकल्यांसारखे स्वस्त ठिपके दुसरे कुठं मिळणार? एवढा मिशाळ गडी टिकल्या लावून उभा राहिल्यावर बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. नवरीसुद्धा हसली. पण विजयसिंह स्टेजमागून चालत आले, थोडे अडखळले आणि तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, तेव्हा तिचं हसू मोडलं. ती खरंच रडली. टिकल्यांच्या मधून विजयसिंहांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. नईम कॅमेऱ्यामागून म्हणत होता, "थांबा, तसंच थांबा, हात काढू नका."

नंतरचे कित्येक दिवस तो आकारामच्या तोंडाबरोबर राहिला. दूध संस्थेच्या सभेत माइकवर भांडणारा आकाराम, पुतण्याच्या जावळात पोराला मांडीवर घेऊन खाली बघणारा आकाराम, अशा जुन्या चित्रांतून त्यानं एकेक नजर गोळा केली. टिकल्यांवरून मानेची हालचाल पकडली आणि ते तोंड त्या हालचालीवर बसवलं. स्टेजच्या पिवळ्या दिव्याचा उजेड गालावर आणला. सावलीला हात लावायची गरजच नव्हती, ती विजयसिंहांची होती आणि खरी होती. काम पुरं झालं तेव्हा त्यानं सबिनाला वर बोलावून दाखवलं. तिनं बघितलं आणि दोन पावलं मागं सरली.

"अगं बाई, मेलेला माणूस असा चालत येतोय व्हय?" ती म्हणाली. "मला न्हाय बघवत."

नईमला वाटलं, यापेक्षा मोठी शाबासकी नाही. तो दिवसभर शीळ घालत होता.

व्हिडिओनं कोडोली हलवली. विजयसिंहांचे फोन आले, पाव्हण्यांचे आले. नईमनं तेवढा तुकडा इन्स्टाग्रामवर टाकला आणि तो इतका फिरला, की गडहिंग्लजच्या, इचलकरंजीच्या अनोळखी माणसांनी त्याला दादा म्हणायला सुरुवात केली. तो बाजारातून चालायला लागला की चहावाला हाक मारून म्हणायचा, "या, माणसं उठवणारे या." नईम लाजल्यासारखं करायचा आणि चहा प्यायचा.

मग एका दुपारी संयोगिता स्टुडिओत आली. नवी नवरी, हातात अजून हिरवा चुडा, पण तोंड उतरलेलं. माहेरी आली होती. खुर्चीत बसली आणि चुडा मागंपुढं करत राहिली. नईमला वाटलं, व्हिडिओत काहीतरी चुकलंय.

"काय सुटलंय का कुठं? तोंड हललंय का?"

"न्हाय, नईमदादा," ती म्हणाली. "तेच तर. कुठंच हललं न्हाय."

तिची आजी, म्हणजे आकारामची आई चिमणाबाई, लग्नाला आलेली नव्हती. खुब्याचं हाड मोडून ती घरी खाटेवर होती. नवरीला तिनं घरातूनच ओवाळून पाठवलं. लग्न तिनं बघितलं ते नंतर, टीव्हीवर, घरच्यांबरोबर. आणि डोळे म्हणाल तर मोतीबिंदू काढल्यापासून इतके लख्ख, की अंगणातली कोंबडी कुणाची हे ती खाटेवरून सांगायची. तिनं स्टेजमागून आकाराम येताना बघितला. पोरीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवलेला बघितला. बाकीचे सगळे डोळे पुसत होते. चिमणाबाई मात्र हसत होती.

"म्हणाली, माझं लेकरू जितं हाय. मला ठावं हुतं." संयोगितानं पदरानं नाक पुसलं. "दादा, तिनं शेवटी आप्पांचं, तिच्या लेकाचं, तोंड बघितलं न्हाय. कुणीच न्हाय बघितलं. राख आली तवा तिनं इचारलं हुतं, ही त्याचीच कशावरनं? तवा कुणी उत्तर दिलं न्हाय. म्हातारी गप बसली, आमाला वाटलं झालं."

तिला समजावलं की हो, सगळ्यांनी समजावलं. हा खोटा हाय, काकांना टिकल्या लावल्यावत्या, कॉम्प्युटरवर केलंय. चिमणाबाईनं ऐकून घेतलं आणि उलट विचारलं, "सावली पडलीया त्याची. मेलेल्या माणसाची सावली पडतीया व्हय? पाय सरळ हायत. जाकीट त्याचं. चाल त्याची. माझ्या पोटच्या पोराची चाल मी वळखंना व्हय?" चाल तर खरंच तिच्या पोटच्या पोराची होती, फक्त दुसऱ्या. आता हे तिला कोण पटवणार?

आणि एकदा तो जिवंत ठरल्यावर पुढचं सगळं ओघानंच आलं. तो भाचीपुतण्यांच्या, पाव्हण्यांच्या देखत पोरीला भेटून गेला, मग आईला का भेटला नाही? म्हणजे कुणीतरी अडवलंय. चिमणाबाईनं विजयसिंहांशी बोलणं टाकलं. भावाला दारात उभं करत नाही म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्यांना शिव्या दिल्या. आक्काताईच्या अंगावर कुंकवाचा करंडा फेकला, "जित्या नवऱ्याची बायको, कपाळ मोकळं ठिवून हिंडतीस? लाज न्हाय वाटत?" तेव्हापासून आक्काताई गोठ्यात जाऊन रडत होती. आणि स्वतः म्हातारी जेवत नव्हती. दोन्ही वेळा ताट वाढायला लावायची, समोर ठेवायची आणि दाराकडं बघत बसायची. त्यानं आधी खायचं, मग तिनं. चहाच्या घोटावर तग धरून होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं तर तिनं सुई उपसून टाकली. म्हणाली, "लेक दारात यील आन् मी नळ्या लावून निजलेली दिसंन."

"डॉक्टर म्हणत्यात, असं चाललं तर आठवडाबी काढायची न्हाय," संयोगिता म्हणाली. "कायतरी करा, दादा. तुमी आणलंय त्यास्नी."

तिनं ते आरोप म्हणून म्हटलं नव्हतं. नईमला मात्र ते लागलं. विजयसिंहांनी ढग मागितला होता. हार मागितला होता. ढगात हार घातलेला माणूस मेलेला असतो, हे कोडोलीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं, चिमणाबाईलाही कळलं असतं. ती दोन टिपं गाळून जेवली असती. ज्या ढगाला तो इतके दिवस हसत होता, तो ढग म्हणजे गेलेला माणूस आणि राहिलेली माणसं यांच्या मधली भिंत होती, आणि ती यानं स्वतःच्या हौसेपायी पाडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की पोरीच्या तोंडाकडं बघवेना.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सरळ वाट धरतो असं थोडंच आहे? नईमनं आधी पळवाट काढली. त्याच दिवशी बसून त्यानं दुसरा व्हिडिओ केला. त्यातून चालत आलेला आकाराम काढला आणि ढग आणले. निळा पडदा, हार, गोल उजेड, पाकळ्या, कॅलेंडरातला हातसुद्धा. इतकं मन लावून ढग त्यानं आयुष्यात केले नव्हते. संयोगिताच्या मोबाइलवर पाठवले आणि लिहिलं, हा दाखवा. कोडोलीला जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. वाटलं, निस्तरेल परस्पर.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांचा फोन आला. मुकादमासारखा तो आवाज पार बसला होता. "बघितला तिनं. म्हणली, ह्यो खोटा हाय. पैला खरा हुता. आन् आता म्हणतीया, त्येला मारून ढगात घातला म्हंजे मी गप बसंन असं वाटलं व्हय तुमास्नी? आता चहाबी बंद केलाय, नईमभाई."

फोन ठेवल्यावर नईम खुर्चीतच बसून राहिला. खाली गिरणी सुरू झाली, टेबलावर कप थरथरायला लागला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. सबिना जेवायला बोलवायला वर आली, तिला त्यानं सगळं सांगितलं. तिनं 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणावं याची तो वाट बघत होता, म्हणजे निदान भांडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "जा की मग. हितं बसून काय हुतंय?"

लॅपटॉप पाठीवर टाकून तो मोटारसायकलवर निघाला. वाटेत फोन वाजला, कुणी गडहिंग्लजचे पावणे होते. "नईमभाई नव्हं? तुमी गेलेली माणसं चालत आणता म्हणं? आमच्या मातोश्रींना..." नईमनं पुढं ऐकलं नाही. रस्त्याकडेला गाडी लावून त्यानं इन्स्टाग्रामवरचा तो तुकडा काढून टाकला. त्यानं काही भरून येणार नव्हतं, पण ते करूनच तो पुढं गेला.

कोडोलीत विजयसिंहांचं घर म्हणजे सिमेंटचं, पुढं पत्र्याचं शेड, बाजूला गोठा. शेडातच खाटेवर चिमणाबाई होती, तोंड रस्त्याकडं. चिमणी म्हणतात तशीच राहिली होती, नुसते डोळे. खाटेजवळ स्टुलावर झाकलेलं ताट होतं. विजयसिंह खांबाला टेकून उभे, संयोगिता उंबऱ्यात, आक्काताई गोठ्याच्या दाराशी.

"कोण पावणं?" म्हातारीनं विचारलं.

"मी नईम, आजी. वडगावचा. रफिक पेंटरचा पोरगा. तुमच्या नातीच्या लग्नाचा व्हिडिओ मीच केलाय."

हे ऐकून तिचा चेहरा असा उजळला, की नईमला तिथून उठून पळावंसं वाटलं. "म्हंजे तू बघितलास की त्येला! बोललास? बारीक झालाय न्हवं जरा? कुटं ऱ्हातोय म्हणाला?"

संयोगितानं पाण्याचा तांब्या आणला, तो त्यानं तसाच खाली ठेवला. मग खाटेशेजारी जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला आणि म्हातारीला दिसेल असा धरला. "आजी, तुमाला एक दावायचंय. दावू?"

"दाव की."

त्यानं ती जागा लावली. स्टेजमागून आकाराम आला, अडखळला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिथं नईमनं चित्र थांबवलं आणि वर बसवलेलं तोंड तेवढं काढून घेतलं. त्याच शर्टात, त्याच जाकिटात, त्याच उजेडात विजयसिंह उभे होते. गालावर हिरव्या टिकल्या.

चिमणाबाई पुढं वाकली. "ह्यो तर विज्या," ती म्हणाली. खांबाजवळच्या लेकाकडं तिनं बघितलं, मग परत स्क्रीनकडं. "त्येला परत लाव."

नईमनं आकाराम परत लावला.

"काढ."

त्यानं काढला.

"लाव."

असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. लाव म्हटलं की लावायचा, काढ म्हटलं की काढायचा. प्रत्येक वेळी नईमला वाटायचं, आता बास म्हणेल. आपण आजवर केलेल्या कामातलं सगळ्यात बिनचूक काम हे, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत आपण उसवतोय, पुन्हा शिवतोय, पुन्हा उसवतोय. कुठं एक धागा बाहेर दिसत नव्हता. दिसला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

शेवटी म्हातारीनं त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थांबवलं. "सावली कुणाची रं?"

"दादांची."

"चाल?"

"तीबी दादांची."

"मग ह्यात माझ्या आकारामाचं काय हाय?"

"तोंड, आजी. नुसतं तोंड."

"त्ये कुठनं आणलंस?"

"जुन्या व्हिडिओतनं. दूध संस्थेची सभा, पुतण्याचं जावळ."

"म्हंजे तवाचं."

"व्हय. तवाचं."

तिनं अगदी साध्या आवाजात, घरात मीठ आहे का विचारावं तसं विचारलं, "आन् आताचं?"

नईमनं विजयसिंहांकडं बघितलं. त्यांनी मान फिरवली. संयोगितानं तोंडाला पदर लावला होता. चार वर्षांपूर्वी गाडग्यातली राख बघून म्हातारीनं असंच काहीतरी विचारलं होतं, आणि तेव्हाही या घरातल्या सगळ्यांनी अशाच माना फिरवल्या होत्या. आताही ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांतला कुणी पुढं येत नव्हता. ज्यानं हे कोडं उभं केलं, तोच तेवढा जमिनीवर बसला होता, आणि तिचा हात अजून त्याच्या मनगटावर होता.

"आताचं न्हाय, आजी," तो म्हणाला. "आताचं तोंड कुठंच न्हाय."

चिमणाबाईचा हात सुटला. तिनं लॅपटॉपकडं बघितलं, स्टुलावरच्या ताटाकडं बघितलं, आणि मग तिच्या पोटातून जो आवाज आला तो एवढ्याशा देहात मावला कसा, कळत नाही. "माझ्या लेकरा रंऽ" म्हणून तिनं हंबरडा फोडला. आक्काताई गोठ्याच्या दारातून धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. करंडा फेकून मारणारे तेच हात आता तिच्या पाठीवरून फिरत होते. दोघी एकमेकींना धरून हेलकावत होत्या. विजयसिंह मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. आकाराम गेला तेव्हा गावात कुणी दार उघडत नव्हतं. ज्याचं त्यानं आपल्या घरात तोंड दाबून रडायचं, असे ते दिवस होते. मोठ्यानं रडायचं या घराचं राहूनच गेलं होतं.

शेजारच्या बाया ऐकून आल्या. कुणी काही विचारलं नाही, पदर डोक्यावर घेतले आणि खाटेभोवती बसल्या. एकीनं चूल विझवली. दुसरी घरी पिठलं-भाकरी टाकायला गेली, कारण अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. गल्लीतले बाप्ये टोप्या काढून शेडाबाहेर उभे राहिले. एकानं विजयसिंहांच्या खांद्यावर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं संयोगितानं म्हातारीच्या ओठाला पाण्याची वाटी लावली. चिमणाबाई प्याली. मग परत लावली, परत प्याली. ती वाचणार हे नईमला कळलं. याला आनंद म्हणायचा की काय, हे मात्र त्याला कळेना. आपण चांगलं केलं असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं कान झाकून घेतले असते. एका आईला तिचा लेक यानं जिवंत करून दाखवला होता, पंधरा-वीस दिवस ती त्या आनंदात उपाशी बसली होती, आणि आज यानंच तिच्यासमोर बसून तो काढून घेतला होता. तिनं पहिल्यांदा सोसलं नव्हतं तेसुद्धा आज सोसलं, ते याच्यामुळं.

लॅपटॉप बंद करून तो माणसांच्या मधून वाट काढत बाहेर आला. कुणी अडवलं नाही. गाडीपाशी पोचला तर रस्त्यावरून परगावचा एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, तो दारातली गर्दी बघून थांबला. डोक्यावरची टोपी त्यानं काढली.

"कोण गेलं, पावणं?"

"आकाराम," नईम म्हणाला. "म्हातारीचा थोरला लेक."

"अरारा. कवा गेला?"

नईमनं उत्तर जुळवून बघितलं. करोनात, असं सांगायला तोंड उघडलं आणि ते बाहेर येईना. आतून चिमणाबाईचा आवाज येतच होता.

"आत्ता," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं सायकल भिंतीला लावली आणि तो टोपी हातात घेऊन आत गेला.